काळ्या पात्याचा भाव

जुन्या चाकूला चकाकीचा भाव नसतो, डागांचा असतो. पात्याचा काळपटपणा, मुठीची झीज आणि ठसा शाबूत असेल तरच शौकीन गिऱ्हाईक पैसे सोडतं. आणि हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. भंगाराच्या गाड्यावरून मी या धंद्यात आलो, एवढं माझं मीच शिकलो.

साताऱ्याजवळच्या एका गावात निवृत्त सुभेदारांकडे त्यांच्या वडिलांचा लष्करातला घडीचा चाकू निघाला. पात्यावर सरकारी बाणाचा ठसा, खाली बनवल्याचं साल. तसल्याच चाकूचे बारा हजार द्यायला सांगलीचं एक गिऱ्हाईक तयार होतं. मी चाकू उलटसुलट केला आणि नाक मुरडलं.

"आवं सुभेदार, पातं लय काळं पडलंय. वर ह्ये खरवडल्यागत काय हाय? ह्येचं कोन काय देनार?"

म्हातारा ओशाळला. दीड हजारावर सौदा ठरला. पण चाकू लगेच हातात देईनात. "खंडेनवमीला हत्यारांसंगं पुजतो. दसरा झाला की न्या."

दसऱ्यानंतर गेलो. ताटात चाकू, त्याला हळदकुंकू. पातं आरशासारखं लखलखत होतं. बाण नाही, साल नाही.

"ह्ये कुनी केलं?" मी ओरडलोच.

"म्या. साताऱ्याला जाऊन धारवाल्याच्या चाकावर घासून आनलं. तुमीच म्हनला न्हवं, काळं पडलंय म्हून? पैसं घ्यायचं आन असला चाकू द्यायचा, बरं दिसतंय व्हय?"

शिवी ओठांपर्यंत आली होती. पण भांडायचं कशावरून? मुकाट्याने दीड हजार दिले. घासायचा खर्चही त्यांनी मागितला नाही.

सांगलीच्या गिऱ्हाइकाने चाकू दोन बोटांत धरला आणि परत ठेवला.

"मूठ तरी बघा की," मी म्हणालो.

"मूठ बघून काय करू? ठसा कुठाय? घासलेला माल मला दाखवत जाऊ नका."

तो चाकू अजून माझ्या कपाटात आहे आणि सुभेदारांवरचा माझा रागही गेलेला नाही. विचारल्याशिवाय हात लावायचा कशाला?

परवा त्यांचाच फोन आला. "आजोबांचा अडकित्ता घावलाय. काळाठिक्कर हाय. तुमी यायच्या आधी घासून ठिवू का?"

"नको! अजिबात नको!"

"का वं?"

थाप सुचेना. "काळ्यालाच भाव असतोय, सुभेदार. आहे तसाच ठेवा."



"आन मग त्यो चाकू?" त्यांनी विचारलं.