वखारवाल्याच्या बायकोचे फोटो

आमच्या मोठ्या जाऊबाईंइतकी घाबरट बाई मी जन्मात पाहिली नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते आणि त्या मान डोलावतात. झुरळ, वीज, उंच जिना, अनोळखी कुत्रं, ओळखीचं कुत्रं, फोनची घंटा, सगळ्यालाच त्या भितात. मोठे दीर म्हणायचे, हिच्यासमोर फुगा फुगवायचा असेल तर आधी लेखी कळवावं लागतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळी अंधारखोलीतला दिवा बंद करायला ताई कधी एकट्या जात नाहीत. काहीतरी निमित्त काढून मला बरोबर नेतात.

अंधारखोली म्हणजे आमच्या स्टुडिओची सगळ्यात मागची चिंचोळी खोली. पुढे काउंटर आणि गिऱ्हाइकांसाठी बाक, मधे जाड पडद्याआड फोटो काढायची खोली, आणि मागे ही. आता तिथं अंधार कसला, आमचे हे संगणक आणि प्रिंटर घेऊन बसतात, पण मामंजींच्या काळापासूनचं नाव चिकटलं ते चिकटलंच. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. मोठे दीर कॅमेरा खांद्याला लावून लग्नं-समारंभ करत फिरतात, मी काउंटर सांभाळते, आणि स्टुडिओतले फोटो ताई काढतात.

त्यांचा हात लहान मुलांवर आणि बायकांवर फार चांगला. दुसरीकडे रडून आलेलं पोर आमच्याकडे गप्प बसायचं. त्यात जादू काही नव्हती. उजेड मऊ पडावा म्हणून दिव्यांना लावलेल्या छत्र्या पाहून पोर का बिचकलं हे ताईंना सांगावं लागायचं नाही, कारण त्या स्वतःही सुरुवातीला बिचकल्या होत्या. त्या छत्री मिटून पोराच्या हातात द्यायच्या, उघडझाप करू द्यायच्या, आणि मगच कॅमेऱ्याला हात लावायच्या.

तर एका दुपारी वखारवाल्याची बायको आली. वखारवाले म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला ज्यांची लाकडाची वखार आहे ते. फ्रेमच्या पट्ट्या आम्ही त्यांच्याकडूनच घ्यायचो. मोठा माणूस, गोड बोलणारा, चार लोकांत ऊठबस असलेला. त्यांच्या घरचा फोटो दर वर्षी आमच्याकडेच निघायचा, आणि एक मोठा करून आम्ही दर्शनी काचेत लावलाही होता.

पासपोर्ट फोटो हवाय, असं ती म्हणाली. ताई तिला आत घेऊन गेल्या. पासपोर्ट फोटोला लागतो तरी किती वेळ? मी इकडे दोन गिऱ्हाइकं केली, लॅमिनेशनचं मशीन गरम करून एक ओळखपत्र काढलं, तरी पडदा हलेना. शेवटी ती बाहेर आली, खाली मान घालून निघून गेली. ताई बाहेर आल्याच नाहीत. मी आत गेले तर त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलेल्या, चेहरा पांढराफटक.

त्यांनी मला जे सांगितलं ते असं. पासपोर्ट फोटो झाल्यावर त्या बाईनं पडदा नीट ओढून घ्यायला सांगितलं आणि पाठ उघडी केली. पाठीवर आणि दंडावर पट्ट्याचे वळ होते, काही जुने, काही ताजे. तिला याचे फोटो हवे होते. तिच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं, की तोंडी सांगून भागणार नाही. ताईंचे हात इतके थरथरले, की सुरुवातीचे फोटो सगळे हलले. मग त्यांनी कॅमेरा स्टँडवर लावला आणि पुन्हा काढले. जाताना ती म्हणाली, हे तुमच्याकडेच ठेवा, घरी सापडले तर माझी धडगत नाही.

"मी हो म्हटलं गं," ताई म्हणाल्या. "का म्हटलं ते कळत नाही."

कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्यांनी रुमालाच्या गाठीत बांधलं होतं. तो रुमाल त्यांच्या मुठीत होता आणि मूठ काही केल्या उघडत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी वखारवाले आले. बाकावर बसले, मामंजींची तब्येत विचारली, नव्या पट्ट्यांचा माल आलाय म्हणाले. मी चहा मागवला. चहाचा घोट घेता घेता सहज विचारल्यासारखं म्हणाले, की आमची ही काल आली होती ना फोटोला, झाले असतील तर देऊन टाका. मी पाकीट दिलं. त्यांनी ते उघडलं, पाहिलं, आणि ताईंकडे वळले.

"वहिनी, एवढ्याशा फोटोला एवढा वेळ? समोरचा शिंपी म्हणत होता, बराच वेळ होती आत."

ताईंना खोटं बोलता येत नाही हे साऱ्या घराला ठाऊक. साखर संपली की नाही एवढं विचारलं तरी त्यांचे कान लाल होतात. पण त्या म्हणाल्या, "डोळे मिटत होत्या. परत परत काढावे लागले."

"असं? दाखवा की. बघू तरी आमची मंडळी डोळे कशी मिटते."

हसत हसत ते उठले आणि थेट अंधारखोलीत शिरले. गिऱ्हाईक तिथं कधी जात नाही, पण त्यांना अडवायचं कुणी? आमचे हे माल आणायला बाहेर गेलेले. ताईंनी संगणक लावला. मी दारात उभी होते. त्यांचं बोट माउसवर होतं आणि दुसरा हात मांडीवर घट्ट आवळलेला, आणि त्या हातात रुमाल. तो रुमाल मला दिसत होता. वखारवाल्यांना दिसत होता की नाही, देव जाणे. वळांचे फोटो संगणकात घातलेलेच नव्हते, फक्त पासपोर्टचे होते. एकात नशिबानं खरंच डोळे अर्धवट मिटलेले निघाले.

ते खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाकले आणि पडद्यावरच्या बायकोच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ही अशी भेदरल्यासारखी का दिसते हो?"

"कॅमेऱ्यासमोर सगळ्यांचंच होतं तसं," ताई म्हणाल्या.

ते गेल्यावर ताई तिथंच जमिनीवर बसल्या. मी पाणी आणलं तर पेला दातांवर वाजत होता. मला हसू येईल की रडू, काही सांगता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात वखारवाल्याची बायको मुलाला घेऊन घर सोडून गेली. कुठं गेली ते कुणालाच माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. वखारवाले पुन्हा आले. या वेळी चहा नको म्हणाले. काउंटरवर दोन्ही हात ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, की तुमच्याकडे काय काय काढून घेतलंय तिनं? कुठून तरी सुगावा लागला होता. मोठे दीर घरीच होते. ते म्हणाले, आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, फोटो काढतं, जातं. वखारवाले म्हणाले, बरं. त्या "बरं"नं माझी पाचावर धारण बसली.

त्यानंतर घरात भीतीच राहायला आली. फ्रेमच्या पट्ट्या बंद झाल्या. ठरलेली दोन लग्नं मोडली, म्हणजे लग्नं झाली पण फोटोवाला दुसरा. समोरच्या फुटपाथवर वखारीतला एक हमाल दिवसभर उभा राहू लागला. तो काही करायचा नाही, नुसता उभा. फोन यायचा, उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. एका सकाळी शटर वर केलं तर आतली दर्शनी काच फुटलेली. शटरच्या जाळीतून कुणीतरी काहीतरी घुसवून फोडली होती. काचेचा चुरा वखारवाल्यांच्या घरच्या फोटोवर सांडला होता.

ताई जिन्यावरून खाली येताना आधी मला हाक मारायच्या. जेवण जाईना. ताईंच्या मुलीला शाळेत पोचवायला दीर जायचे आणि आणायला आमचे हे. मामंजी वरून काठी आपटून विचारायचे, काय झालंय, आणि आम्ही सांगायचो, काही नाही, काच बदलतोय.

एका दुपारी जेवणं झाल्यावर मोठ्या दिरांनी विषय काढला. ते वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. त्यांचं म्हणणं, आपण फोटोवाले. आपलं काम पडद्यापुढचं. दुसऱ्याच्या संसारात आपला पाय कशाला? कार्ड पुसून टाक, मी स्वतः जाऊन वखारवाल्यांना सांगतो की काही नाहीये, आणि विषय मिटवतो. आमचे हे खाली बघत होते, म्हणजे त्यांनाही तेच हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही.

ताई बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला पण पुसायचंय. रोज ते कार्ड लावते आणि बोट तिथंपर्यंत जातं."

"मग?" दिरांनी विचारलं.

"पहिले फोटो हलले. माझ्या हातामुळं. मी म्हटलं, परत उभ्या राहा. तिनं वर केलेला कपडा तोपर्यंत खाली घेतला होता. तो तिनं परत वर केला. एकदा नाही, चारदा. एका शब्दानं बोलली नाही. आता मी पुसलं तर कशासाठी उभं केलं मी तिला?"

दीर उठले, हात धुतले, खाली गेले. त्या दिवसापासून वखारीतला हमाल समोर येऊन उभा राहिला, की दीरसुद्धा स्टूल घेऊन दारात बसायचे आणि कॅमेऱ्याच्या लेन्स पुसत राहायचे. इतक्या स्वच्छ लेन्स आमच्याकडे कधीच नव्हत्या.

मग एक दिवस वकीलबाईंचा माणूस आला आणि कोर्टाचं बोलावणं देऊन ते कार्ड घेऊन गेला. फोटो मीच काढले, कधी काढले, कसे काढले, हे ताईंनी समोर उभं राहून सांगायचं होतं. ताईंनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, मला जमणार नाही. अंघोळ करताना म्हणाल्या, स्वयंपाक करताना म्हणाल्या, मुलीची वेणी घालताना म्हणाल्या. पण "जाणार नाही" असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

कोर्टाच्या तारखेला दिरांनी शटर ओढलं आणि तेही निघाले. कोर्टातला तो लांब बोळ, भिंतीला लागून बाकडी, आणि समोरच्याच बाकड्यावर वखारवाले. त्यांनी ताईंना नमस्कार केला. ताई तोंडावर हात धरून पळाल्या. मी बेसिनपाशी त्यांचं कपाळ धरून उभी राहिले. पोटात काही नव्हतंच, तरी उमासे येत होते. परत आलो तर दीर उठून मधे येऊन बसले होते, असे की समोरचा माणूस ताईंना दिसूच नये.

आत गेल्यावर मात्र मधे कुणी नव्हतं. वळांचे फोटो टेबलावर मांडले होते, आणि पलीकडे वखारवाल्याची बायको मान खाली घालून बसली होती. ताईंचा आवाज इतका बारीक निघाला, की लिहून घेणाऱ्यानं प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी प्रत्येक वाक्य पुन्हा म्हटलं. वखारवाल्यांच्या वकिलांनी विचारलं, तुम्ही लोक संगणकावर चेहऱ्यावरचे डाग काढता की नाही? ताई म्हणाल्या, काढतो. रंग उजळ करता? करतो. मग वळ काढून दाखवायला काय अवघड? ताई म्हणाल्या, अवघड नसेल, पण हे मी काढलेले आहेत तसेच आहेत. कार्ड तुमच्यापुढेच आहे, तपासून घ्या.

वकील जरा जवळ आले. "बाई, तुमचे हात कापतायत."

"हो."

"खोटं बोलायची सवय नसली की कापतात. कशाची भीती वाटतेय तुम्हाला?"

मला वाटलं, आता बसतील खाली.

"ते इथं बसलेत ना," त्या म्हणाल्या. "त्यांची."

एवढं वाक्य मात्र लिहून घेणाऱ्यानं परत विचारलं नाही. वखारवाल्याच्या बायकोनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

निकाल बऱ्याच महिन्यांनी लागला. तिला वेगळं राहायची मुभा मिळाली, मुलगा तिच्याकडे राहिला, आणि वखारवाल्यांनी तिच्या आसपास फिरकायचं नाही असं ठरलं. तुरुंगबिरुंग काही झालं नाही. ती आता दुसऱ्या गावात असते. कसं चाललंय ते आम्ही विचारत नाही आणि तिनंही कधी कळवलेलं नाही. तेच बरं, असं ताई म्हणतात.

वखार आहे तिथंच आहे. पट्ट्या आम्ही लांबून आणतो. हमाल यायचा थांबला. ताईंची भीती गेली असं म्हणाल तर मुळीच नाही. फोन वाजला की अजून हातातलं भांडं पडतं.

मागच्या महिन्यात वखारवाले स्वतः दारात आले. बरोबर त्यांची म्हातारी आई. तिला कसल्याशा कागदांसाठी फोटो हवा होता आणि तिचे पाय पुढच्या चौकातल्या स्टुडिओपर्यंत चालत नव्हते. ते पायरीवरच उभे राहिले, आत आले नाहीत. घरात पुरुष माणूस म्हणजे वरच्या मजल्यावर झोपलेले मामंजी. ताईंनी माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. मग सोडला, आणि म्हातारीला आत नेलं.

मीही पडद्याशी जाऊन उभी राहिले. म्हातारी दिव्यांना बिचकली. ताईंनी छत्री मिटून तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं ती उघडली, मिटली, बोळकं पसरून हसली. कॅमेरा स्टँडवरच होता, कारण ताई आता हातात धरून फोटो काढतच नाहीत.

"आजी, मान थोडी वर," त्या म्हणाल्या. "हां. अशीच."

फोटो कापून पाकिटात घालून मी पायरीवर नेऊन दिला. त्यांनी पैसे दिले, आईला हाताला धरून उतरवलं आणि गेले. मी आत आले तेव्हा ताई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून होत्या. शटर ओढू का, म्हणून विचारलं. थोडं थांब, म्हणाल्या, पाय उचलत नाहीत अजून. मग आम्ही दोघी तशाच बसलो, दिवे न विझवता.