हिच्या मामांचा वाघ

बोरच्या जंगलात इतक्या वेळा जाऊन वाघाला इतक्या चिकाटीने चुकवणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे मामा. सेलूला कारकुनी करून निवृत्त झालेले. जंगलात जायच्या आदल्या दिवसापासून त्यांचा साबण बंद; वासाने जनावर बिथरतं म्हणत. प्रत्यक्षात शेजारी बसणारी माणसंच बिथरायची. मे महिन्यातही अंगात हिरवा स्वेटर. जिप्सीत कुणी कुजबुजलं, की "हळू बोला बे!" असं इतक्या मोठ्याने ओरडायचे की नदीकाठचे बगळे उडून जायचे.

एकदा वाघीण खरोखरच आली, आमच्या मागून, रस्त्याच्या मधोमध. मामा तेव्हा दुर्बीण लावून नदीच्या दरडीतलं खंड्याचं बीळ बघत होते. "मामा, मागं बघा!" ही म्हणाली. "थांब वं पोरी, खंड्या पिलायले भरवून राह्यला." ते वळले तेव्हा नुसतं गवत हलत होतं. आम्ही हळहळलो, तर आम्हालाच समजावू लागले, "आपल्याले वाघ दिसला नाई तं नाई. वाघाले आपण दिसलो ना? हाजरी लागली!"

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. घरच्यांनी जंगल बंद केलं, तर मामांनी जेवण बंद केलं. तिसऱ्या दिवशी मामींचा फोन आला, "जवाईबापू, एकदा नेऊन आना यायले. पोळी खात नाईत, अन् माहं डोकं खाऊन राह्यले."

मी घेऊन गेलो. नदीच्या वळणावर जिप्सी थांबली. समोर फक्त पाणी आणि कोवळं ऊन. पण मामा मान उंचावून अशा आशेने बसले होते की मला राहवेना. "मामा, वाघ!" मी पुटपुटलो. "पाणी पितोय." मग रंग सांगितला, पट्टे सांगितले, पाण्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंबही सांगितलं. इतकं मन लावून मी कधी खोटं बोललो नव्हतो.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वरच्या फांद्यांवर वानरं निवांत पाला ओरबाडत होती.

"जवाईबापू," ते हळूच म्हणाले, "वाघ पायला की वानरं जंगल डोक्यावर घेतात. हे गुमान काऊन बसले?"

माझी मान खाली गेली. त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"असू द्या. सांगा ना पुढं," ते म्हणाले. "शेपूट कशी हाये?"