कडेवरचा चिमटा

कोपऱ्यावरच्या त्या पिझ्झाच्या दुकानाचा एवढा बोलबाला आहे, ते खरोखर त्या लायकीचं आहे का, यावर जेवढा वाद दुकानासमोरच्या रांगेत होतो तेवढा दुसरीकडे कुठेच होत नसेल. सगळ्यांत मोठा आवाज घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या घड्याळजींचा. "नुसतं नाव हो! कोळशाची भट्टी म्हटलं की लोक पाघळतात, बाकी काही नाही," असं ते दर शनिवारी ठणकावून सांगत आणि दर शनिवारी रांगेत उभे राहत. असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आत भट्टीपाशी उभ्या असलेल्या बाईंना सगळं ऐकू येई. तोच प्रश्न त्यांचाही जीव खात होता.

भट्टी मूळ त्यांच्या नवऱ्याची. आत डाव्या अंगाला रसरसलेला दगडी कोळसा, उजवीकडे भिंत, मधे तापलेली फरशी. पिझ्झा सरकवला की त्याची एकच बाजू आचेला लागते. अर्ध्यावर तो लांब दांड्याच्या फळीने फिरवावा लागतो, नाहीतर एकीकडे करपलेला आणि दुसरीकडे कच्चा. कुठली बाजू कुठे गेली हे कळावं म्हणून नवरा कडेला बोटांनी चिमटा घेऊन खूण करायचा. जाताना खूण कोळशाकडे, येताना भिंतीकडे. फिरवायची वेळ झाली की तो आधी घसा खाकरायचा. ते ऐकून, तेव्हा गल्ल्यावर बसणाऱ्या बाई ताटली पुसायला घ्यायच्या. संसारही बराचसा असाच झाला, फारसं न बोलता.

तो गेल्यावर फळी बाईंच्या हातात आली. पहिल्या दिवशी डोळे भरून आले आणि फिरवायचं राहूनच गेलं. करपलाच असणार म्हणून त्यांनी घाईघाईने पिझ्झा बाहेर ओढला. खूण भिंतीकडे होती. दोन्ही बाजू सारख्या, सोनेरी भाजलेल्या.

आपणच फिरवला असेल, भान नव्हतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दुसऱ्या वेळीही तेच झालं, तिसऱ्या वेळीही. मग त्यांनी फिरवणंच सोडलं. खूण कोळशाकडे ठेवायची, फळी भिंतीला टेकवायची आणि पाठ करून उभं राहायचं. थोड्या वेळाने आतून, विटांच्या मागून कुठूनतरी, घसा खाकरल्यासारखा आवाज येई. सुरुवातीला बाईंच्या अंगावर काटा यायचा. पुढे पुढे त्या आवाजाशिवाय त्यांना करमेना. कुणाला सांगण्याची सोय नव्हती. वेड लागलं म्हणाले असते.

दुकानाचं नाव उलट वाढत गेलं. लोक बाईंच्या हाताचं कौतुक करू लागले आणि बाई मनातून खजील होऊ लागल्या.

त्यांची धाकटी बहीण तोंडाने फटकळ, पण खाण्यातलं तिला नेमकं कळे. भाऊजी गेल्यापासून तिने या दुकानातला घास घेतला नव्हता. एका शनिवारी दुपारी, दुकान बंद असताना ती आली आणि स्टुलावर ठाण मांडून बसली.

"ताई, किती दिवस या धुरात मरणार आहेस? लोक भाऊजींच्या नावावर खातायत. चल माझ्याकडे राहायला."

"माझ्या हाताला काहीच चव नाही म्हणतेस?"

"मला काय माहीत? कर माझ्यासमोर. आवडला तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही आवडला, तर आज भट्टी विझवायची आणि सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या, आणि म्हटल्याबरोबर घाबरल्या.

त्यांनी गोळा थापला, टोमॅटो फासला, चीज पसरलं, कडेला चिमटा घेतला. धाकटी टक लावून बघत होती. तिच्यासमोर पाठ करून उभं कसं राहणार? शिवाय हा तरी पिझ्झा सर्वस्वी आपला असावा, असं बाईंना फार वाटलं. अर्ध्यावर त्यांनी फळी घातली आणि तो स्वतः फिरवला. फळी बाहेर आली आणि लगेच आत कुणीतरी घसा खाकरला.

"खोकला झालाय का गं तुला?" धाकटीने विचारलं.

म्हणजे हिलाही ऐकू आलं होतं.

पिझ्झा बाहेर आला तेव्हा खूण कोळशाकडेच होती आणि ती बाजू काळी ठिक्कर पडली होती. एकदा बाईंनी फिरवला होता, एकदा आणखी कुणीतरी.

धाकटीने घास तोंडात घातला आणि लगेच कागदात काढला. "यासाठी लोक रांगा लावतात? ताई, ठरलंय हं आपलं."

"एक अजून करू दे."

"हट्टी आहेस!"

बाई भट्टीच्या तोंडाशी वाकल्या. "अहो, ऐकलंत का? आता राहू द्या. माझं मला करू द्या."

"कुणाशी बोलतेस?" धाकटी स्टुलावरून उठलीच.

"भट्टीशी," बाई म्हणाल्या.

या वेळी आतून काही आवाज आला नाही. बाईंनी फिरवला, बाहेर काढला. खूण भिंतीकडे. धाकटीने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा उचलला. "नाव खरं आहे, ताई," ती शेवटी म्हणाली. "तुझंच आहे. मी हरले." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी बहिणीला पिठाच्या हातांनीच मिठी मारली.

आयुष्यभर नवऱ्याने त्यांचं कधी ऐकलं नव्हतं; आताही कायमचं ऐकणार नाही, असं त्या धरून चालल्या.

संध्याकाळी दुकान उघडलं तेव्हा रांगेत पहिले घड्याळजी होते. बाईंनी खूण कोळशाकडे ठेवून त्यांचा पिझ्झा सरकवला, फळी भिंतीला टेकवली आणि पाठ फिरवली. आत कोळसा तडतडत होता. बाकी काही नाही. त्या थांबून राहिल्या.

"ताई, करपतंय!" त्या दिवसापुरती गल्ल्यावर बसलेली धाकटी ओरडली. बाई हलल्या नाहीत. पार धूर येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

घड्याळजींनी काळी पडलेली कड सगळ्या रांगेला दाखवली. "बघा! मी म्हणत नव्हतो? पूर्वीसारखं राहिलं नाही."

"खरंय तुमचं," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि भिंतीला टेकवलेली फळी उचलली. "द्या इकडे. दुसरा करून देते."