मामांचा अंगठा

कारेगावच्या स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट बघताना मामांच्या डाव्या पायात बूट असायचा आणि उजव्या पायात चप्पल. युरिक ॲसिडनं उजवा अंगठा सुजून लाल झालेला. कंपनीत आमच्या लाइनवर ते सगळ्यांत जुने, म्हणून सगळ्यांचेच मामा. नवा माणूस दिसला की ते त्याचं गाव विचारत नसत. "तुमचं युरिक किती हाय?" एवढंच विचारत आणि तूरडाळीला शिव्या घालत.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, "युरिक ॲसिड आणि बीपी, दोन्ही वाढलंय. नुसत्या अंगठ्याचं बघू नका, अशानं मेंदूची रक्तवाहिनीही तुंबू शकते." मामा हे बसमध्ये नक्कल करून सांगत. "अंगठा कुठं आन् डोकं कुठं!" बीपीची गोळी त्यांनी घेतलीच नाही.

एका सकाळी ते खुशीत आले. "आज अंगठा दुखतच न्हाई बघा." जीभ जरा जड वाटली. बसची पायरी चढताना चप्पल गळून रस्त्यावर पडली, तरी त्यांना पत्ताच नाही; ते एका उघड्या पायानं तसेच आत गेले. मी ड्रायव्हरला बस थेट शिरूरच्या दवाखान्यात न्यायला लावली.

परवा त्यांना भेटायला घरी गेलो. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात अजून मांडीवर तसाच पडलेला. खुर्ची ओढताना माझा धक्का त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला लागला आणि मामा कळवळले. मी माफी मागेपर्यंत त्यांनी हसतच आत मामींना हाक मारली, "अगं ए, भाईर ये! दुखतंय! दुखतंय गं!"