मुलुंडची आत्या आणि माझा कुकर

मी कुकरचा खेळ बनवला तेव्हा आयुष्यात एकदाही कुकर लावलेला नव्हता.

आत्याला घाई म्हणून कसली ती ठाऊक नव्हती. दाराची बेल वाजली तरी हातातली भेंडी चिरून झाल्यावरच उठायची. "बाहेरचा काय विरघळतोय?" कोकणातून मुलुंडला आली, नोकरी केली, नवरा गेल्यावर दोन खोल्यांत एकटी राहिली, सगळं याच चालीने.

पण मग तिच्या हातून गॅस चालू राहू लागला. शेजारणीने कळवलं तसा आत्याचा मुलगा, आमचा दादा, बंगळुरूहून आला तो तिला घेऊन जायचं ठरवूनच. आत्या देवाची भांडी नेहमीपेक्षा जास्त वेळ घासत बसली. मला राहवेना. कोड लिहून पोट भरणारा माणूस मी. टॅबवर कुकर तयार केला. बोटाने पाणी ओता, डबे ठेवा, झाकण लावा, शिट्टी बसवा, गॅस पेटवा. जमलं तर कुकर हसायचा, चुकलं तर लाल होऊन रडायचा.

"दादा, आत्या हे झटक्यात करून दाखवेल. मग ठरव."

"बघू."

आत्याने पाणी ओतलं, त्यात टाकायला लिंबाची साल शोधली, ती नाही म्हणून माझ्याकडे एक नजर टाकली. झाकण लावलं, गॅस पेटवला आणि हात मांडीवर ठेवून बसली. कुकर लाल झाला. 'शिट्टी विसरलात.' ती बसूनच. कुकर रडायला लागला. दादाने चष्मा काढला.

"आई, शिट्टी राहिली गं," तो अगदी हळू म्हणाला.

"राहिली कुठे? आधी वाफ येऊ दे, मग शिट्टी. ह्याच्या कुकराला वाफच नाही."

खरंच नव्हती. शिट्टी लावल्याशिवाय वाफ येईल असं मी लिहिलंच नव्हतं.

"दादा, चूक माझी आहे."

"तू गप्प बस. तिला सांभाळून घेतोयस, कळतं मला."

आत्या उठून स्वयंपाकघरात गेली. खरा कुकर गॅसवर चढला. वाफ येईना, तशी ती पाठ करून कोथिंबीर निवडायला लागली. दादाने माझ्याकडे बघितलं. नळीतून बारीक फुसफुस सुरू झाली. त्याचा हात शिट्टीकडे गेला.

"थांब, अजून पाणी थुंकतोय," आत्या वळूनही न बघता म्हणाली. मग आवाज कोरडा झाला, तेव्हा वळून तिने शिट्टी बसवली.

शिट्ट्या झाल्या. गॅस तसाच चालू. मी ओठ चावून उभा. आत्याने देठं गोळा केली, केरात टाकली, हात पुसले आणि गॅस बंद केला.

दादाने जेवताना दोनदा भात घेतला. शेवटी म्हणाला, "रोज फोन करायचा मात्र."

आत्या शेवटपर्यंत त्याच घरात राहिली. आता ती नाही. मी कुकर लावतो तेव्हा शिट्टी हातात धरून उभा असतो, आणि भात तरीही करपतो.

त्या दिवशी रिक्षात बसताना दादाने पुन्हा विचारलं, "आई, नक्की राहशील ना एकटी?"

"मी राहीन रे," आत्या माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "ह्याला एकटा ठेवू नका."