पत्र्यावरचे बांगडे

लालबागच्या चाळीत आमची खोली सगळ्यात वर, डोक्यावर थेट जस्ताचे पत्रे. गेल्या वर्षी आरती चालू असताना त्यातून एक थेंब पडला, तोही नेमका थोरल्या दादाच्या टकलावर. दादा डोंबिवलीला फ्लॅटमध्ये राहतो. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, "पुढच्या वर्षी एक थेंब जरी पडला, तरी गणपती माझ्याकडे."

आजोबांपासून या खोलीत येणारा गणपती माझ्या हातून जाणार म्हटल्यावर मे महिन्यात मी स्वतःच पत्र्यावर चढलो. तारेच्या ब्रशने असा घासला की गंजाबरोबर चांगलं जस्तही खरवडून काढलं. वर चकचकीत हिरवा ऑइलपेंट. अख्ख्या चाळीला बोलावून दाखवला. जुलैत त्याचे पापुद्रे सुटून खालच्या मजल्यांवरच्या धुतलेल्या कपड्यांवर बसायला लागले. मग चाळच मला बोलावून दाखवू लागली.

श्रावणात बायको शेजारच्या टॉवरमध्ये मैत्रिणीच्या मंगळागौरीला गेली. तिथल्या खिडकीतून आमचं छप्पर दिसतं. तिने तिथूनच फोन लावला.

"अहो, गंज ओळीने आलाय. शेपट्या सगळ्या एका बाजूला."

दर उन्हाळ्यात खारवलेले बांगडे पत्र्यावर वाळत घालणं हे माझं खातं. त्यांचं मिठाचं पाणी वर्षानुवर्षं जस्त खात होतं, आणि मी ते मीठ न धुता वरून रंग फासला होता. दादाला दरवर्षी यातलेच पिशवीभर बांगडे जातात, हे जाता जाता सांगतो.

उघडीप मिळाली तसा पुन्हा चढलो. या वेळी रंगाच्या दुकानात आधी विचारून. सुटा रंग काढला, पत्रे साबणाने नि नळाच्या पाण्याने धुऊन कडकडीत वाळू दिले. जिथे गंज तिथेच हलक्या हाताने घासलं. मग झिंक प्रायमर, तो सुकल्यावर पत्र्याचा रंग. स्क्रूखालचे कुजके रबरी वायसरही बदलले. बांगड्यांची रवानगी खाटेवर केली.

गणपतीत ऐन आरतीला असा पाऊस लागला की झांजा ऐकू येईनात. दादा मुद्दाम जुन्याच जागी उभा, टाळ्या वाजवायच्या सोडून तळहात वर पसरून. मंत्रपुष्पांजली संपली तरी हात कोरडा. त्याच हाताने त्याने आरती घेतली, टकलावरून फिरवली आणि म्हणाला, "राहू दे इथेच."

मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, नमस्कार करतोय. हसू लपवायला तेवढीच जागा होती.