ट्रामसाठी टिकल्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात ट्राम सुरू होईपर्यंत मी माझ्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल घेणार नाही.

हे मी नवऱ्याला चहा ओतताना जाहीर केलं. "बरं," तो म्हणाला आणि टोस्टला लोणी लावत राहिला.

आईने आम्हा दोघींत कधी डावं-उजवं केलं नाही. एकाच ताग्यातले फ्रॉक, एकाच मापाचे लाडू. पुढे मी इथे आले आणि ती अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांजवळच्या एका मध्यम शहरात गेली, तेव्हा मात्र पारडं माझ्याकडे झुकलं. तिच्या डाउनटाउनमध्ये संध्याकाळचे पाच वाजले की उरायचे नुसते कार पार्क आणि कबुतरं. मला तिची कीव यायची. कीव करण्यात काय सुख असतं म्हणून सांगू!

मग त्यांच्याकडे ट्राम आली. ओसाड गोदामांचे फ्लॅट झाले, खाली बेकरी आली. बहिणीने गाडी विकली आणि थेट रुळांसमोर घर घेतलं. "ताई, ऐक, ऐक!" म्हणत ती फोन खिडकीबाहेर धरते. टिंग टिंग! माझ्या खिडकीतून दिसतं ते फळ्या ठोकून बंद केलेलं कापडाचं दुकान.

"हो का? छान," मी म्हणते, आणि पोटात दुखायला लागतं.

म्हणून टाउन सेंटर सुधारायला कौन्सिलने लोकांची मतं मागवली, तेव्हा लायब्ररीत मी सगळ्यांत आधी हजर. टेबलावर शहराचा मोठा नकाशा, आणि जिथे बदल हवा तिथे चिकटवायला माणशी पाच गोल स्टिकर. पाचांत माझी ट्राम रेल्वे स्टेशनसमोरचा रस्तासुद्धा ओलांडेना. पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. मरून रंगाचं, नवंकोरं. स्टेशनपासून हॉस्पिटलपर्यंत मी अख्खी लाइन टाकली, अगदी वळणं घेत.

कौन्सिलची तरुण बाई वाकून पाहत राहिली. "सुंदर आहे," ती म्हणाली, "पण आपल्या बस तर चांगल्या आहेत. मग ट्रामच का?"

मुद्दे मी घरून पाठ करून आले होते: प्रदूषण, दुकानं, म्हातारी माणसं. मागे रांग कान टवकारून उभी. मी खोल श्वास घेतला, पदर सावरला, आणि तोंडातून निघालं,

"कारण माझ्या बहिणीला मिळालीय!"